ओलं ढेकूळ

सोमवारी संध्याकाळी लॅबमधून घरी आले तेव्हा दाराशी, चपलांच्या कपाटाखाली, नवे गमबूट होते. दोन जोड. काळे, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे, भाताच्या शेतात घालतात तसे. आत अजून कागदाचे बोळे कोंबलेले होते. मी छत्री झटकली, ओले मोजे काढले आणि मग वाकून बुटांचे तळवे पाहिले. एक जोड तेवीसचा, दुसरा पंचवीसचा. वानछिंगचा पाय तेवीस सेंटिमीटर आहे. माझा साडेबावीस. फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो. एवढं लक्षात यायला फार तर चार सेकंद लागली असतील, पण त्या चार सेकंदांत पोटात काहीतरी एक पायरी खाली उतरलं, जिन्यात अंधारात शेवटची पायरी संपली असं वाटावं आणि अजून एक असावी, तसं. आतून वानछिंगने मला हाक मारली, आ-याओ, टाकी भरलीय गं, तेवढी ओतून टाक. हिवाळ्यात ताइपेत सगळ्या घरांतून ते यंत्र चालू असतं, हवेतला दमटपणा ओढून घेणारं, नाहीतर कपाटातल्या कोटांवर बुरशी चढते. मी टाकी काढली, न्हाणीत ओतली. साधारण दोन लिटर. परत बसवली. बुटांबद्दल काही विचारलं नाही. जेवताना तिने तिसऱ्यांदा सूप वाढलं आणि मी काहीतरी बोलेन म्हणून थांबल्यासारखी माझ्याकडे पाहिलं, पण ते मला नंतर आठवलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला घरमालकिणीचा कागद तसाच आहे. फेब्रुवारीअखेर भाडेकरार संपतो. पुढच्या दोन वर्षांसाठी खाली दोन सह्यांच्या जागा होत्या. माझी सही पाच डिसेंबरला झाली होती.

मातीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. एकदा मोजलं तर ते मोजणं नव्हे, तो अंदाज. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच आलं तर बोलायचं. मी याला शिस्त म्हणायचे. तर गमबूट हे पहिलं मोजमाप धरून मी मागची मोजमापं काढत बसले, अंथरुणात, पुढचे कितीतरी दिवस. पेईलिनचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा जूनमध्ये उच्चारलं गेलं. ती आमच्याच विभागातली, आमच्यानंतर दोन वर्षांनी आलेली, उंच, खांदे किंचित पुढे झुकवून चालणारी, आणि हसताना आधी श्वास आत घेणारी. खतं तपासायच्या कचेरीतली नोकरी तिने सोडली आणि मातीविषयी काही विचारायला वानछिंगला फोन केला. मला नाही केला. मातीतला ओलावा हा माझा विषय, वानछिंगचा विषय जंतू, तरी फोन तिला. जुलैत रविवारी एकदा फोन, ऑगस्टात दर रविवारी. ऑक्टोबरातल्या एका आठवड्यात मी खरोखरच मोजलं: पेईलिन हे नाव चौदा वेळा आलं. पेईलिन म्हणते की, पेईलिनने बघितलं की, पेईलिनला विचारायला हवं. त्याच आठवड्यात वानछिंगने माझं नाव सहा वेळा घेतलं, त्यांपैकी तीनदा टाकीसाठी. असं मोजणं हास्यास्पद आहे हे मला कळत होतं. पण दाढ दुखत असली की जीभ तिथेच जाते, आणि जिभेला आपण कधी हास्यास्पद म्हणत नाही.

नववर्षाची सुट्टी शुक्रवारी येत होती, म्हणजे सलग तीन दिवस. वानछिंग म्हणाली, आपण गावी जाऊ, च्यांगह्वाला, माझ्या आ-पेकडे. आ-पे म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, तिला त्यांनीच वाढवलेलं. दुसरं पीक निघालंय, शेत कोरडं पडलंय, ढेकळांची भट्टी लावू, रताळी भाजू, बोशूनलाही घेऊ. बोशून हा आमच्या जुन्या लॅबमधला तिसरा. त्याच्याकडे मेहुण्याची गाडी असते आणि पिशवीत सतरा तऱ्हेची औषधं. मी हो म्हटलं. आणखी कोण, असं विचारायला हवं होतं, ते नाही विचारलं. शुक्रवारी पहाटे निघालो, महामार्गावर सगळं ताइपेच दक्षिणेकडे निघालेलं, दोन तासांच्या रस्त्याला साडेचार तास. गमबुटांचे दोन्ही जोड मागे सामानात होते. बोशून गाडी चालवताना बोलत होता, की त्याची आई त्याला दर नववर्षाला विचारते तुझ्या त्या दोन मैत्रिणींतली एक तरी मोकळी आहे का, आणि तो दर वर्षी सांगतो की त्या दोघी एकमेकींत इतक्या गुंतल्यात की तिसऱ्या माणसाला चहासुद्धा मिळत नाही. वानछिंग खिडकीबाहेर बघत हसली. मीही हसले. आधी हे वाक्य ऐकून मला छातीत ऊब वाटायची. त्या दिवशी मी ते तपासून पाहिलं, नाण्याची दुसरी बाजू तपासावी तसं, आणि वाटलं, बोशूनची माहिती जुनी आहे.

ते शेत मी कधी पाहिलं नव्हतं, पण मला ते माहीत होतं. सात वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या पहिल्या सहामाहीत वानछिंगने गावाहून एक पिशवी माती आणली होती, तुलनेसाठी. ज्वोश्वेइ नदीच्या गाळाची, करड्या-काळ्या पाटीच्या रंगाची. रात्र-रात्र आम्ही तिच्याशी खेळत होतो. किती चिकण, किती पोयटा, किती चुना, किती पाणी धरते, किती दिवसांत सोडते. ती माती मी एकशे पाच अंशांवर चोवीस तास भाजून वजन केली आहे, चाळीस वेळा तरी. मूठभर उचलून सांगायचे, अठरा टक्के, बावीस टक्के, आणि वानछिंग यंत्रात घालून बघायची, फरक एखाद्या टक्क्याचा. एकदा मी सलग नऊ वेळा बरोबर आले तेव्हा तिने लॅबच्या काळ्या फळ्यावर माझ्या तळहाताचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, उपकरण क्रमांक सात, हात लावू नये. तेव्हापासून माझ्या मनात ते शेत माझंही थोडं होतं. त्यामुळे दुपारी आ-पेंच्या अंगणात गाडी शिरली आणि घराचं दार आतून पेईलिनने उघडलं, तेव्हा मला प्रथम वाटलं ते असं, की हिने माझ्या घरात शिरकाव केलाय. मग दिसलं, की मीच दाराबाहेर पिशवी घेऊन उभी आहे. ती महिन्याभरापासून तिथे होती. तिला पाण्याचे पेले कुठल्या कप्प्यात असतात ते ठाऊक होतं. आ-पेंचा कुत्रा, जो आमच्यावर भुंकला, तो तिच्या पायाशी जाऊन बसला. वानछिंगने सामानातून पंचवीसचे गमबूट काढून तिला दिले आणि पेईलिनने तिथेच, उंबऱ्यावर बसून, पाय घातले. बरोबर बसले. माप कसं कळलं तुला, असं तिने विचारलं, आणि वानछिंग म्हणाली, अंगणात तुझी पावलं उमटतात की. पूर्वी पेईलिन तिला ताई म्हणायची, विभागात वरच्या वर्गातल्या मुलींना म्हणतात तसं. आता आ-छिंग म्हणत होती. मला मात्र ताईच. शूयाओताई, तुमची पिशवी द्या, शूयाओताई, तुम्ही दमला असाल. मी काही दमले नव्हते.

त्या संध्याकाळी आ-पेंनी मला विचारलं की ताइपेत नक्की काय करतेस. मी सांगितलं, लोक माती पाठवतात, मी तपासते. ते म्हणाले, माती तपासून पोट भरतं होय, आम्ही इथे जन्मभर नुसती तुडवतो, एक दमडी कुणी देत नाही. सगळे हसले. पेईलिन जरा जास्तच हसली असं मला वाटलं, आधी श्वास आत घेऊन. जेवताना आ-पेंनी वाफवलेल्या माशाचा गालाजवळचा मऊ तुकडा काढून तिच्या भातावर ठेवला. आमच्याकडे तो तुकडा घरच्या लाडक्या माणसाला जातो. तिने बघितलंही नाही, बोलता बोलता खाऊन टाकला. सवयीचं असल्यासारखं. मला तो तुकडा नको होता, मी मासा फारसा खातही नाही. पण तिला तो दिसला नाही, याचा मला इतका राग आला की मी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. वानछिंगने विचारलं, पोट बरं नाही का. बोशून लगेच पिशवीत हात घालून गोळ्या शोधायला लागला.

शनिवारी सकाळी वारा उत्तरेचा होता, बोचरा आणि कोरडा, आणि आकाश धुतलेल्या काचेसारखं. शेतात भाताची धसकटं होती आणि नांगराने उलटलेली ढेकळं, मुठीएवढी, नारळाएवढी, काही कलिंगडाएवढी. मी पहिल्यांदा त्या मातीवर पाय ठेवला. काही झालं नाही. ती इतर कुठल्याही शेतासारखी होती. आ-पेंनी फावड्याने उथळ खड्डा केला आणि काम वाटून दिलं, कारण भट्टी लावताना सगळ्यांनी सगळं करायला गेलं की ती पडते, असा त्यांचा अनुभव. बोशूनने टोपलीतून ढेकळं आणायची. मी ती निवडायची, मोठी खाली लावायला, लहान वरच्या घुमटाला, आणि हातात द्यायची. लावणार दोघी, वानछिंग आणि पेईलिन, खड्ड्याच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसून. चुना नाही, चिखल नाही, नुसतं ढेकळावर ढेकूळ, किंचित आत झुकवत, वर एकच ढेकूळ राहील इतकं तोंड मिटेपर्यंत. मग आत जाळ घालायचा, काजळी जळून ढेकळं तांबूस होईपर्यंत. मग रताळी, अंडी, कागदात आणि मातीत गुंडाळलेली कोंबडी आत सोडायची, आणि भट्टी वरून ठोकून पाडायची, माती लोटायची, आणि वाट पाहायची. एवढ्या मेहनतीने उभं केलेलं शेवटी आपणच पाडायचं असतं, म्हणून मला ती कल्पना लहानपणापासून आवडत आली आहे. पण मधेच पडली तर ती नुसती पडलेली भट्टी.

दोघींचे हात बघत होते मी. त्या एकमेकींना काही सांगत नव्हत्या. वानछिंगने एक लावलं की पेईलिन समोरून त्याच उंचीचं लावायची. एक हात पुढे आला की दुसरा मागे, मधे कुठे आपटत नव्हते. अशी लय यायला वेळ लागतो, मला माहीत आहे, मला आणि वानछिंगला भांडी घासताना यायला वर्ष लागलं होतं. त्यांना किती लागलं असेल याचा हिशोब मी करत होते, आणि तेवढ्यात बोशूनने नवी टोपली ओतली. तो कंटाळून जवळूनच, पाटाच्या कडेने, भरून घेऊन आला होता. त्यातलं एक ढेकूळ मी उचललं. पपईएवढं. वरून इतरांसारखंच, करडं, वाऱ्याने सुकलेलं, नखाने टोकरलं तर पांढरट भुगा पडणारं. पण हातात येताक्षणी कळलं. मी ते एकदा तळहातावर वर-खाली केलं, मग पुन्हा एकदा. कोरड्या ढेकळांत आठ-दहा टक्के पाणी होतं. यात सत्तावीस तरी असावं, आत, जिथे वारा पोचत नाही. असं ढेकूळ जाळाशी लावलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. हे ज्ञान मला त्या क्षणी अगदी स्वच्छ होतं, आकड्यांसकट. एखादं वाक्य तोंडात पूर्ण तयार असतं, तसं: हे नको, ओलं आहे. पेईलिनने माझ्याकडे न बघता हात पुढे केला, ताई, जरा मोठं द्या, तोंडापाशी लावायला. मी ते तिच्या हातात दिलं.

मी नंतर स्वतःला खूप गोष्टी सांगितल्या. सत्तावीस टक्क्यांना सगळीच ढेकळं फुटत नाहीत. तिने मोठं मागितलं, तेच मोठं होतं. खतं तपासायची नोकरी केलेल्या मुलीला हातातलं वजन कळू नये ही काही माझी जबाबदारी नाही. पण खरं एवढंच होतं, की त्या क्षणी मला त्यांची लय मोडायला हवी होती. कुणाला इजा व्हावी असं मनात नव्हतं. फक्त आ-पेंच्या समोर, वानछिंगच्या समोर, पेईलिनच्या हातचं काहीतरी पडावं. मग वानछिंगने मान वळवून विचारावं, आ-याओ, असं का झालं गं, आणि मी सांगावं. एवढीच ती इच्छा होती, आकाराने एवढीशी, आणि मी तिच्यासाठी पाऊण तास थांबून राहिले. जाळ घातला. लोंगान या फळझाडाच्या फांद्या होत्या, वास गोडसर. ढेकळं आधी काळी झाली. आ-पे म्हणाले, काळी झाली म्हणजे अर्धं काम झालं. मी तोंडापाशी डावीकडच्या त्या एकाच ढेकळाकडे बघत होते. त्याच्यावरची काजळी इतरांपेक्षा उशिरा जळत होती, एक मंद काळा डाग राहिला होता, आणि तो बघून मला शास्त्रज्ञाला होतो तसला आनंद झाला, अंदाज बरोबर ठरत चालल्याचा. वानछिंग फांदी आत सारायला वाकली होती. मला दिसत होतं की ती वाकली आहे. आवाज फार मोठा झाला नाही, ओल्या लाकडाच्या गाठीसारखा फट् असा. तोंडाची डावी बाजू बसली, तिच्यामागून घुमट, आणि वानछिंगने हात मागे घेतला तेव्हा उजव्या मनगटावर एक तांबडं ढेकूळ टेकून गेलं होतं.

पुढचं सगळं बोशूनने केलं. भाजल्यावर काय करायचं याचे, शाळेत सगळ्यांकडून घोकून घेतलेले पाच शब्द तो मोठ्याने म्हणत होता, धू, काढ, बुडव, झाक, ने, आणि म्हणता म्हणता वानछिंगचं घड्याळ काढत होता. मला त्याने हाताला धरून सांगितलं, तू जा तिच्याबरोबर, बांधावरच्या नळाखाली अर्धा तास धर, एक मिनिट कमी नको. पेईलिन पडलेल्या भट्टीपाशी उभी होती. चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणत होती, तोंडाशी मी लावलेलं होतं, माझंच चुकलं, मी नीट बसवलं नाही. आ-पे म्हणाले, पहिली पडतेच पोरी, पहिली न पडलेली भट्टी मी अजून बघितली नाही. आणि फावडं घेऊन त्यांनी नवा खड्डा करायला घेतला.

नळाचं पाणी गार होतं, बोटं दुखतील इतकं. मी तिचं मनगट धारेखाली धरलं होतं. चार सेंटिमीटर लांब, दोन रुंद, लाल, फोड नाही. मी ते मनात लिहून घेतलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. बांधाच्या पलीकडून आ-पेंचा आवाज येत होता आणि मधेच बोशूनचं खोकणं. वानछिंगने पाण्याकडे बघत शांतपणे विचारलं,

"किती होतं?"

मी म्हटलं, काय किती.

"ते ढेकूळ. तू दोनदा वर-खाली केलंस. मी समोर होते, आ-याओ."

पाणी तिच्या कोपरापर्यंत येत होतं. मी बाही वर सरकवली. "सत्तावीस," मी म्हटलं. "कदाचित अठ्ठावीस."

तिने मान हलवली, आकडा टिपून घेतल्यासारखी. मला वाटलं ती आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. मीच विचारलं, दिसलं तर तू का नाही बोललीस. ती म्हणाली, मला वाटलं तू बोलशील. पाऊण तास वाटत होतं. मग जाळ घालताना वाटलं की बहुतेक मला चुकीचं दिसलं असेल, कारण आ-याओला कळलं असतं तर तिने सांगितलं असतं. हे शेवटचं वाक्य तिने अजिबात टोचून म्हटलं नाही. आणि मग, जशी कुणी औषधाची चव सांगावी तशा आवाजात, तिने सगळं सांगितलं. आ-पेंचे गुडघे गेलेत. मार्चपासून हे शेत ती आणि पेईलिन करणार आहेत. फेब्रुवारीअखेर ती ताइपे सोडणार, कागदावर ती सही करणार नव्हतीच. पेईलिनला हे सप्टेंबरपासून माहीत आहे.

सप्टेंबर. ऑक्टोबरातली चौदा वेळा, रविवारचे फोन, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं, इतकं नेमकं, की क्षणभर मला वेदनेऐवजी समाधानच वाटलं. मग वेदना आली. ती जाण्याची नव्हती. माणसं जातात. चार महिने आम्ही एका टेबलावर जेवलो, एका यंत्राची टाकी आळीपाळीने ओतली, आणि ते चार महिने दुसऱ्या कुणाला माहीत होते, त्याची ती होती. मी म्हटलं, मला नाही सांगितलंस.

"बूट दारात ठेवले होते," ती म्हणाली. "अकरा दिवस. तू त्यांच्यावरून रोज जात होतीस. मला सांगायला जमत नव्हतं, म्हटलं तू विचारशील. तू विचारत नाहीस, आ-याओ. तू बघतेस. घरात कुणीतरी आपल्याला सारखं बघतंय आणि काही विचारत नाही, हे कसं असतं तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हटलं. मग ती म्हणाली, इथे ये म्हणून तुला चार वेळा बोलावलं. एकदा तुझे नमुने लॅबच्या भट्टीत होते, एकदा परीक्षा, एकदा ताप, आणि एकदा तू म्हणालीस की दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही. पेईलिनला एकदाच म्हटलं, ती आली. मला यावर उत्तर होतं. मी मनात म्हणत होते, मी आले नाही कारण आले असते तर मी पाहुणी झाले असते, आणि तुझ्या माणसांत मला पाहुणी व्हायचं नव्हतं, तुझ्या मातीची मी आतली होते, चाळीस वेळा भाजून वजन केलेली. पण हे मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. पाण्याखाली माझी बोटं बधिर झाली होती आणि तिचं मनगट कुठे संपतं आणि माझी बोटं कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठे? या सगळ्यात."

बांधापलीकडे ढेकळं ओतल्याचा आवाज झाला. "सात वर्षांत हे आज विचारलंस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, अगदी सरळ: "यात तू नाहीस, आ-याओ. शेतात नाहीस. मी विचार करून बघितला. तुला ताइपे सोडवत नाही, आणि तू इथे आलीस तर आम्हा दोघींना बघत बसशील. मला ते नको." आणि थोडं थांबून, "म्हणजे मला तू नको आहेस असं नाही. पण ते मला वेगळं करून सांगता येत नाहीये. हात दुखतोय."

तिने तरी सांगितलं, दुखतंय म्हणून. मी घड्याळ पाहिलं, तीस मिनिटं झाली होती. मी नळ बंद केला. बोशूनने आणून ठेवलेली जाळीची पट्टी काढून मनगटावर सैल बांधली, गाठ वरच्या बाजूला, घासणार नाही अशी. ती बघत होती. म्हणाली, पेईलिन तिकडे स्वतःला दोष देत बसलीय. एवढंच. आणि बांधावरून चालायला लागली.

दुसरी भट्टी एव्हाना लागून, जळून, लाल होऊन पाडूनही झाली होती. इतका वेळ गेला होता का, की त्यांनीच घाई केली, मला सांगता येणार नाही. आ-पेंनी जुन्या भट्टीतली तापलेलीच ढेकळं फावड्याने उचलून लावली होती आणि ती आधीच भाजलेली असल्यामुळे दुसरी पटकन तयार झाली, असं बोशून नंतर म्हणाला. म्हणजे मी केलेल्या गोष्टीचा त्यांना उपयोगच झाला. रताळी, अंडी, कोंबडी आत गेली होती. आता नुसता मातीचा उंचवटा होता आणि पेईलिन त्याच्या फटींतून वाफ जाऊ नये म्हणून फावड्याच्या पाठीने थापटत होती. डोळे लाल होते, धुराने किंवा दुसऱ्या कशाने. वानछिंगला बघून ती फावडं टाकून उठली, आणि वानछिंगने पट्टीचा हात वर करून दाखवला, काही नाही, फोडसुद्धा नाही. पेईलिनने त्या हाताला स्पर्श केला नाही. ती फक्त जवळ उभी राहिली आणि दोघी एकदमच खाली उंचवट्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात मला पुन्हा ते झालं, पोटातली पायरी. मला वाटलं होतं सगळं कळल्यावर ते थांबेल. माहिती पूर्ण असली तरी थांबत नाही, हे मी तेव्हा शिकले. मी पुढे गेले.

"तुझं चुकलं नाही," मी पेईलिनला म्हटलं. "ते ढेकूळ आत ओलं होतं. पाटाजवळचं. हातात घेतलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि तरी मी ते तुला दिलं."

बोशूनने अंडी ठेवायचं भांडं खाली ठेवलं. आ-पेंना आमचं ताइपेकडचं बोलणं नीट कळलं नसावं, किंवा कळलं असावं. ते दुसरीकडे बघत सिगरेट पेटवत होते. पेईलिन माझ्याकडे बघत राहिली, खांदे पुढे झुकवून. मी तयार होते. ती काहीही म्हणाली असती तरी मला तिच्या विरुद्ध काहीतरी मिळालं असतं, राग, तुच्छता, निदान वानछिंगकडे टाकलेला एखादा कटाक्ष. तो मी टिपला असता. पण तिने तसं काही केलं नाही. ती विचार करत होती, एखाद्या कामाचा करावा तसा, कपाळाला आठी घालून.

"कळलं होतं तर सांगायचं ना, ताई," ती म्हणाली. "आ-छिंगचा हात भाजला." तिने फावडं पुन्हा उचललं. "मला ओलं-कोरडं हातात कळत नाही. शिकायला हवं. पुढच्या वेळी याल तेव्हा ढेकळं तुम्हीच निवडा. नको असेल ते फेकून द्या."

मी वानछिंगकडे पाहिलं. तिने काही दुरुस्त केलं नाही. पुढच्या वेळी, याल तेव्हा, हे शब्द हवेत होते, आणि ते म्हणायचा अधिकार पेईलिनला आहे याबद्दल तिथल्या एकाही माणसाला शंका नव्हती, कुत्र्यालासुद्धा. येईन, असं मी म्हटलं. सत्य होतं की नाही ते मला माहीत नव्हतं, एकदाही मोजलेलं नव्हतं. रताळी शिजायला अजून तासभर तरी होता. वारा पडला होता आणि मातीला गोडसर जळका वास येत होता. आ-पेंनी एक लाकडी खोकं उलटं करून ठेवलं होतं, त्यावर कुणी बसलं नव्हतं. सगळे जमिनीवरच बसले होते, धसकटांत. पेईलिनने ते खोकं पायाने माझ्याकडे सरकवलं, वरची माती हाताने झटकली.

"बसा ना, ताई," ती म्हणाली. "उभ्या कशाला?"

मी बसले.